नागपूरच्या बंद एसी खोलीत ताजी हवा: एचआरव्ही घ्यावं की ईआरव्ही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेसा भागात चौदाशे चौरस फुटांचं दोन मजली घर बांधून होत आलंय, स्लॅब पडलेत, प्लास्टर व्हायचंय. खाली आईबाबांची खोली, वर नवराबायकोची एक आणि मुलीची एक. बाबांना दमा आहे. सध्याच्या भाड्याच्या घरात एसी लावून झोपलं की सकाळी सगळ्यांचं डोकं जड असतं. भाऊ जर्मनीत राहतो, त्याच्या घरात हीट रिकव्हरीचं व्हेंटिलेशन आहे आणि तूही बसवून घे म्हणून तो मागे लागलाय. दोन कोटेशन आलीत. एक एचआरव्हीचं (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर, हवा बदलताना फक्त उष्णता परत घेणारं यंत्र), ज्यात नव्वद टक्के उष्णता वाचेल आणि विजेचं बिल निम्मं होईल असं लिहिलंय. दुसरं ईआरव्हीचं (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, उष्णतेबरोबर ओलही अडवणारं), टक्केवारी कमी आणि किंमत जास्त. यातलं कोणतं घ्यावं?

माझं उत्तर आधी सांगतो: ईआरव्ही घ्या, फक्त झोपायच्या खोल्यांसाठी घ्या, आणि बिल कमी होईल ही आशा मनातून काढून टाका. मी बावीस वर्षं नागपूर आणि आसपास एसी-व्हेंटिलेशनची कामं करतोय. या यंत्राबद्दल माझं मत चांगलंच आहे. पण ते ज्या कारणासाठी विकलं जातं ते कारण आपल्या गावाला लागू पडत नाही, आणि ज्या कारणासाठी ते इथे खरोखर हवं ते कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

सकाळच्या जड डोक्यापासून सुरुवात करू. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. खोलीतली तीच हवा तो रात्रभर गार करून परत सोडतो. हे ऐकून आजही दहापैकी आठ घरांत लोक माझ्याकडे आश्चर्याने बघतात. झोपलेला एक मोठा माणूस तासाला साधारण बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बारा बाय अकराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सदतीस घनमीटर हवा. त्यात दोघं झोपले, दार लावलं, यूपीव्हीसीची चांगली बसणारी खिडकी बंद केली, की कार्बन डायऑक्साइड दर तासाला सहाशे पीपीएमहून जास्तने (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग) वाढत जातो. फटींमधून थोडी हवा बदलते म्हणून तो कुठेतरी थांबतो, पण पहाटे दोन ते तीन हजार पीपीएम हा आकडा मी कितीतरी घरांत मीटरवर पाहिलाय. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. पलंगाच्या प्लायवूडचा आणि नव्या रंगाचा वास, गादीतली धूळ, आपल्याच अंगाची ओल, हे सगळं त्याच हवेत साठत राहतं. दम्याच्या माणसाला याचा त्रास नक्की किती होतो हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी हवेपुरतं बोलतो, आणि ती हवा रात्रभर कोंडून ठेवण्याच्या लायकीची नसते.

म्हणून यंत्र घेण्याआधी एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. त्यात एनडीआयआर सेन्सर (अवरक्त किरणांनी कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा) आहे ना, एवढं मात्र खात्रीने विचारा. स्वस्तातले काही मीटर दुसराच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. आताच्या घरात आठवडाभर तो बाबांच्या उशाशी ठेवा. रात्री अकराचा आणि पहाटे पाचचा आकडा वहीत लिहा. या वहीशिवाय कुठल्याही कंत्राटदाराशी बोलू नका.

आता भावाच्या घराबद्दल. ही कल्पना थंड देशांत जन्मली आणि तिथे ती अगदी बरोबर आहे. कॅनडात रेजायना शहरात १९७७ साली एक प्रायोगिक घर उभं राहिलं, त्यात हवेतून हवेत उष्णता परत घेणारं यंत्र होतं. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घट्ट बंद घर, झालं, त्यानंतर तिकडे याचं शास्त्रच तयार झालं. कडक थंडीत बाहेर उणे पाच, आत वीस. पंचवीस अंशांचा फरक, आणि घर तापवावं लागतं ते दिवसरात्र, कित्येक महिने. आतून बाहेर जाणारी ऊबदार हवा आणि बाहेरून येणारी गार हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी एकमेकींना न मिसळता जातात आणि ऊब आतच राहते. पॅसिव्ह हाउसच्या प्रमाणपत्रासाठी यंत्राने किमान पंचाहत्तर टक्के उष्णता परत द्यावी लागते आणि दर घनमीटर हवेमागे पंख्यांनी ०.४५ वॉट-तासापेक्षा जास्त वीज खाऊ नये अशी अट आहे. तिकडे हा हिशेब फायद्याचाच येतो.

तोच हिशेब बेसात करू. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर चव्वेचाळीस, आत एसीमुळे सत्तावीस. फरक सतरा अंश. तासाला शंभर घनमीटर, म्हणजे साठ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा आत घेतली तर ती आपल्याबरोबर साधारण साडेपाचशे वॉट उष्णता आणते. पंचाहत्तर टक्क्यांच्या यंत्राने त्यातले चारशे वीस वॉट अडवले. ती उष्णता काढायला एसीला विजेचे एकशे चाळीस वॉट लागले असते. यंत्राचे दोन पंखे मिळून चाळीस-पन्नास वॉट खातात. उरले नव्वद वॉट. दुपारभर चालवलं तर अर्धा युनिट. आता रात्री बारा वाजता बघा. बाहेर बत्तीस, आत सत्तावीस. वाचणारी वीज चाळीस वॉट, पंख्यांची वीज पंचेचाळीस. म्हणजे ज्या वेळी तुम्ही खरोखर बंद खोलीत झोपलेले असता, त्या वेळी विजेची बचत शून्य. बिल निम्मं होण्याची गोष्ट कुठून आली ते मला माहीत आहे: एका थंड देशातलं माहितीपत्रक मराठीत सांगितलं गेलं.

हिवाळ्याचं तर बोलायलाच नको. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारावर येतो, एखाद्या रात्री त्याहून खाली. पण आपण घर तापवत नाही, गोधडी घेतो. तापवलेलीच नाही ती उष्णता वाचवायची कुठून? त्या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खिडक्या सताड उघड्या ठेवा, त्याच्यासारखं व्हेंटिलेशन नाही. एचआरव्हीच्या कोटेशनमध्ये 'प्रीहीटर' नावाची ओळ असेल तर तिच्यावर आत्ताच काट मारा. बाहेर शून्याखाली गेलं की यंत्रात बर्फ साचतो, तो साचू नये म्हणून ती कॉइल असते. नागपुरात तिचं काही काम नाही.

मग ईआरव्ही का? पावसाळ्यामुळे.

नागपूरची ओळख उन्हाळ्याची आहे, नवतपाच्या बातम्या देशभर जातात, म्हणून सगळे हिशेब उन्हाचे होतात. पण कोंदट हवेची खरी अडचण जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असते. पाऊस थांबलेला, वारा पडलेला, उमस अशी की टॉवेल वाळत नाही. बाहेर तापमान अठ्ठावीसच आहे, म्हणजे तापमानाचा फरक जवळजवळ नाही. पण आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. त्या एक किलो हवेत वीस ग्रॅम पाणी असतं. एसीच्या खोलीत, सव्वीस अंश आणि पंचावन्न टक्क्यांवर, अकरा-साडेअकरा ग्रॅम. हा नऊ ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण तासाला शंभर घनमीटर हवा घेतली की ती जवळजवळ एक लिटर पाणी घेऊन आत येते. दर तासाला एक तांब्या भरून पाणी कोणीतरी तुमच्या खोलीत ओततंय असं समजा. ते पाणी वाफेतून परत काढायला एसीवर पावणेसातशे वॉटचा भार पडतो. मे महिन्यातल्या चव्वेचाळीस अंशांच्या दुपारपेक्षाही जास्त.

एचआरव्हीचा गाभा, ज्याला आम्ही कोअर म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा असतो. त्यातून उष्णता जाते, ओल जात नाही. त्यामुळे तो नव्वद टक्क्यांचा गाभा जुलैत जवळपास काहीच करत नाही. तांब्याभर पाणी तसंच्या तसं आत येतं. ईआरव्हीचा गाभा खास कागदाचा किंवा पॉलिमरच्या पापुद्र्याचा असतो, त्यातून वाफ आरपार जाते. बाहेरून येणाऱ्या दमट हवेतली वाफ पापुद्र्यातून पलीकडे, बाहेर चाललेल्या कोरड्या हवेत उतरते आणि आल्या वाटेने परत जाते. साठ टक्के ओल अडली तर लिटरमधले सहाशे मिली दारातच परत फिरले. जपानची हवा दमट, म्हणून मित्सुबिशी इलेक्ट्रिकने १९७० सालीच 'लॉसने' नावाने असा कागदी गाभा बाजारात आणला. आपल्या जुलै-ऑगस्टचं नातं डार्मश्टाटपेक्षा त्या उन्हाळ्याशी जास्त जवळचं आहे.

इथे एक शंका येते आणि ती योग्य आहे: ओल काढायला एसी आहेच की. आहे, पण आजचे इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की मंद चालतात, कॉइल तितकी थंड राहत नाही, आणि रात्री तीनला पाणी काढणं फार कमी होतं. तेव्हा खोलीचं तापमान पंचवीस, पण आर्द्रता सत्तर. चादर ओलसर लागते. कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके येतात. बाबांच्या खोलीत नेमकं हेच नकोय, कारण बुरशी आणि धुळीतले बारीक किडे दोघंही दमट हवेत वाढतात. म्हणून तुमच्या दोन कोटेशनमध्ये टक्केवारीची तुलना करताना 'ओलीची कार्यक्षमता किती' एवढंच विचारा. पहिल्याकडे उत्तर नसेल. दुसऱ्याकडे असेल, आणि ते उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं असेल.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी वर्षातून दोन-तीनदा दुरुस्त करतो. युरोपातल्या आराखड्यात ताजी हवा झोपायच्या खोल्यांत सोडतात आणि वापरलेली हवा स्वयंपाकघर, संडास-बाथरूममधून ओढतात. कारण तिथे अख्खं घर एकाच तापमानाला असतं. आपल्याकडे एसी फक्त खोलीत. पॅसेज चौतीस अंशांना, स्वयंपाकघर त्याहून वर. यंत्राने ओढायची हवाच गरम असेल तर ती बाहेरच्या हवेला गार करणार कशाने? बाहेर चव्वेचाळीस असताना सत्तावीसची हवा ओढली तर आत येणारी हवा एकतीसच्या आसपास मिळते. पॅसेजची चौतीसची ओढली तर साडेछत्तीस. तुमच्या पहिल्या कोटेशनसोबतच्या नकाशात ओढायची ग्रिल बाथरूममध्ये दाखवली असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. आपल्या घरांत देण्याची आणि ओढण्याची अशा दोन्ही ग्रिल त्याच एसीच्या खोलीत हव्यात, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. देणारी पलंगाच्या डोक्यावर नको, पायाकडच्या भिंतीला, छताजवळ. म्हणजे वारा अंगावर येत नाही आणि हवा खोली फिरून मग बाहेर पडते.

स्वयंपाकघर या यंत्राला कधीही जोडू नका. दोन वर्षांपूर्वी एका बंगल्यातलं ईआरव्ही 'हवा कमी देतं' म्हणून मला बोलावलं होतं. झाकण उघडलं तर आतून फोडणीचा वास आला. गाभ्याच्या पट्ट्यांवर पिवळट चिकट थर, त्यावर धूळ बसून जाड मेणासारखं झालेलं. बसवणाऱ्याने एक ग्रिल गॅसच्या ओट्यापासून पाच फुटांवर ठेवली होती. ते घर सावजी मसाल्याचं, आठवड्यातून तीनदा चिमणी पूर्ण वेगात. मालकीणबाईंनी तक्रार केल्यावर त्याच बसवणाऱ्याचा माणूस आला, त्याने गाभा अंगणात नेऊन गाडी धुवायच्या पंपाने धुतला. कागदाचा गाभा. मी पाहिला तेव्हा पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, बोट लावलं की लगदा येत होता. दोन वर्षांत अख्खा गाभा बदलावा लागला. म्हणून लक्षात ठेवा: कागदी गाभा फक्त व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने साफ करायचा. पॉलिमरचे काही गाभे कोमट पाण्यात धुता येतात, पण तसं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच.

चिमणीचा दुसराही एक धोका आहे. किचन चिमणी तासाला हजार घनमीटर हवा बाहेर फेकते. घर चांगलं बंद असेल तर ती हवा कुठून तरी आत येणारच: बाथरूमच्या जाळीतून, संडासाच्या पाइपमधून, ईआरव्हीच्या डक्टमधून उलटी. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवण्याची सवय घरात लावा. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर लावायचा विचार असेल तर माझं ऐका, तो बाथरूमच्या आत लावूच नका. बंद बाथरूममध्ये त्याच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणसं जातात. कुठलंही ईआरव्ही त्यापासून वाचवत नाही. बाथरूमला साधा वेगळा एक्झॉस्ट पंखा द्या. आपली बाथरूमं ओलीचिंब असतात, ती ओल ईआरव्हीला जोडली तर पापुद्र्यातून थोडी परत खोलीत येईल.

कूलरबद्दल न लिहिता नागपूरचं उत्तर पुरं होत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर ही आपल्याकडची अतिशय शहाणी गोष्ट आहे, आणि तो मुळातच ताज्या हवेचं यंत्र आहे. खसच्या किंवा वूड-वूलच्या ताट्यांतून तो तासाला दोन-तीन हजार घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि समोरची खिडकी उघडी असेल तरच नीट चालतो. त्याच्यापुढे शंभर घनमीटरचं ईआरव्ही काय करणार? ज्या खोलीत, ज्या महिन्यात कूलर चालतो तिथे ईआरव्ही बंद ठेवा. हॉलला कूलरच लावणार असाल तर हॉलमध्ये ईआरव्हीची ग्रिल नको. आणि बाहेरची हवा घेणारं तोंड कूलरच्या ताटीजवळ कधीही नको, नाहीतर मे महिन्यातही दमट हवा ओढाल.

किती हवा लागेल? अमेरिकेच्या अ‍ॅशरे संस्थेच्या ६२.२ मानकाचं साधं सूत्र आहे: घराच्या चौरस फुटांचे तीन टक्के, अधिक झोपायच्या खोल्यांत एक मिळवून त्याला साडेसातने गुणायचं. तुमचं घर: ४२ अधिक ३०, म्हणजे ७२ सीएफएम, तासाला साधारण १२० घनमीटर. दोघांच्या खोलीला चाळीस-पंचेचाळीस आणि मुलीच्या खोलीला तीस घनमीटर दिलेत की बेरीज तिथेच येते. चाळीस घनमीटर मिळाले तर दोघांच्या खोलीतला आकडा पहाटे एक हजाराच्या आसपास थांबतो. याच्या दुप्पट-तिप्पट हवेचं यंत्र कोणी सुचवलं तर विचारा कशासाठी. जास्त हवा म्हणजे जास्त ओल, जास्त धूळ, जास्त आवाज.

तुमच्या घराला मी एक मोठं यंत्र न देता दोन लहान देईन. वर दोन खोल्यांसाठी एक, खाली बाबांच्या खोलीला एक. मजल्यांमधून डक्ट नेण्याची उठाठेव वाचते, आणि एक बंद पडलं तर दुसरं चालू राहतं. भिंतीत गोल भोक पाडून बसवायची आलटून-पालटून फुंकणारी-ओढणारी यंत्रंही मिळतात, सत्तर सेकंद आत, सत्तर सेकंद बाहेर, मध्ये चिनी मातीची जाळी. ती दिसायला सुटसुटीत आहेत. पण ओलीचं काम त्यांच्याकडून फारसं होत नाही आणि आपल्या धुळीत जाळी भरते, म्हणून मी ती सुचवत नाही.

यंत्र कुठे ठेवायचं याबद्दल मात्र मी हट्टी आहे. गच्चीवर टिनाच्या शेडमध्ये नाही. मनीषनगरच्या एका वरच्या मजल्यावर अगदी असंच बसवलेलं होतं. मे महिन्यात दुपारी दोनला मी तिथे थर्मामीटर घेऊन गेलो. गाभ्यातून बाहेर पडणारी हवा तेहतीस, आणि सात मीटर डक्ट पार करून खोलीच्या ग्रिलला पोहोचलेली एकोणचाळीस. डक्टवरचं इन्सुलेशन बोटभरही जाड नव्हतं, आणि तो डक्ट उन्हाने भाजलेल्या स्लॅबला टेकून गेला होता. हात लावून बघितला तर चटका बसत होता. गाभ्याने कमावलेलं सगळं त्या सात मीटरमध्ये गेलं. आम्ही ते यंत्र खाली बाथरूमच्या माळ्यावर आणलं, डक्ट अडीच मीटरचा केला. त्याच महिन्यात ग्रिलला बत्तीस-तेहतीस मिळू लागलं. तुमच्याकडेही बाथरूमचा माळा हीच जागा. वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंगमधून डक्ट जाणार असेल तर त्याला किमान पंचवीस मिलीमीटर नायट्राइल रबर गुंडाळायला सांगा, आणि त्याआधी गच्चीला पांढरा उष्णता परतवणारा थर द्या. गच्चीवर खर्च केलेल्या पैशाने जेवढा गारवा मिळेल तेवढा कुठल्याही गाभ्याने मिळणार नाही. बजेट एकाचंच असेल तर आधी गच्ची.

बाहेरची हवा घेणारं तोंड उत्तर किंवा पूर्व भिंतीला, सज्जाच्या सावलीत घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम फुंकर, शेजाऱ्याचा जनरेटर आणि स्वतःच्याच यंत्राचं बाहेर फेकणारं तोंड, यांपासून तीन मीटर तरी लांब. कबुतरांसाठी जाळी लागेल, पण मच्छरांची बारीक जाळी लावलीत तर एप्रिलमध्ये सावरीच्या बोंडांतून उडणारा कापूस तिच्यावर गादीसारखा बसतो. मी सहा-सात मिलीमीटरची जाळी लावतो आणि डास अडवायचं काम आतल्या फिल्टरवर सोडतो, तिथून ते पुढे जाऊ शकत नाहीत.

फिल्टर दोन हवेत: आधी जाडाभरडा, जी-फोर दर्जाचा, धुता येणारा. मग बारीक, एफ-सेव्हन किंवा त्याच्या बरोबरीचा मर्व्ह-तेरा. बेसाकडे अजून बांधकामं चालू आहेत, आणि उत्तरेला राहत असता तर कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राखही धरावी लागली असती. एप्रिल ते जून जाडाभरडा फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून झटका, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच परत घाला. ओला घातलात तर आतून कुबट वास येईल. बारीक फिल्टर तीन-चार महिन्यांनी बदला, दिवाळीनंतर एकदा हमखास. बाबांच्या खोलीच्या यंत्रात वर्षाचे चार फिल्टर आधीच घेऊन ठेवा. फिल्टर मिळाला नाही म्हणून तो काढून टाकून यंत्र तसंच चालवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि मग ती धूळ थेट गाभ्यात जाते.

पाणी निथळायच्या नळीबद्दल एक प्रश्न विक्रेत्याला विचारा. थंड देशात ओल जाणाऱ्या हवेच्या बाजूला जमते, म्हणून काही यंत्रांत ड्रेन त्याच बाजूला असतो. आपल्याकडे पावसाळ्यात खोली बावीस-तेवीसवर ठेवली तर ओल येणाऱ्या हवेच्या बाजूला जमते. ईआरव्हीत ती फारच कमी असते, पण एचआरव्ही घ्यायचंच ठरवलंत तर दोन्ही बाजूंना ड्रेन आहे का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नका. बायपास झडप दोन्हीत हवी. ऑक्टोबरच्या रात्री बाहेर वीस अंश असताना गाभ्यातून हवा फिरवून आतली ऊब परत आणण्यात अर्थ नाही, तेव्हा ती झडप उघडून हवा सरळ आत घ्यायची.

बसवून झालं की पैसे देण्याआधी मोजमाप करून घ्या. प्रत्येक ग्रिलवर अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) लावून आकडा कागदावर लिहून सही घ्या. फ्लेक्सिबल डक्ट फॉल्स सीलिंगच्या वर एखाद्या ठिकाणी चेपलेला असतो आणि शेवटच्या खोलीत निम्मीच हवा पोहोचते, हे झाकलेल्या छताखालून दिसत नाही. देणारी हवा ओढणाऱ्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त ठेवा, म्हणजे खोलीत हलका दाब राहतो आणि खिडकीच्या फटींमधून धूळ व दमट हवा आत शिरत नाही. हे तपासायला अगरबत्ती पुरते. एसी आणि ईआरव्ही चालू, दार बंद, खिडकीच्या फटीजवळ अगरबत्ती धरा. धूर बाहेरच्या बाजूला झुकला तर काम बरोबर आहे. आत आला तर कंत्राटदाराला परत बोलवा. आवाजही तिथेच ऐका, रात्री, पलंगावर पडून. शंभर मिलीमीटरच्या डक्टमधून चाळीस घनमीटर हवा जाताना जवळजवळ ऐकू येत नाही. शिट्टी येत असेल तर डक्ट लहान आहे किंवा ग्रिल नको तेवढी मिटलेली आहे.

आता या आठवड्याचं काम, कारण तुमचं प्लास्टर व्हायचंय. प्रत्येक यंत्रासाठी बाहेरच्या भिंतीत दोन भोकं लागतील, एक घ्यायला, एक फेकायला. मिस्त्रीला आत्ताच दीडशे मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे त्या जागी बसवून घ्यायला सांगा, बाहेरच्या बाजूला बोटभर उतार देऊन, म्हणजे श्रावणातल्या झडीचं पाणी आत येणार नाही. माळ्यावर एक पाच अँपिअरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर काढा. यंत्र पन्नास वॉटचं आहे, लाइट गेली तरी बाबांच्या खोलीत हवा चालू राहील. माळ्याचं दार दोन फूट रुंद ठेवा, फिल्टर काढताना हात आणि डोकं दोन्ही आत जायला हवं. पाइपची दोन्ही तोंडं बुच लावून बंद करा. यंत्र पुढच्या वर्षी घेतलंत तरी चालेल, पण हे भोक रंग झाल्यावर पाडायला गेलात तर भिंत फुटते आणि माणसं तो विचारच सोडून देतात.